स्टेपनी, पाना आणि चाकाचे चार नट

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं आहे.

तर झालं असं. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी मी गाडीचे टायर रोटेट करून घेतले. पुढचे मागे, मागचे पुढे. दुकानात गर्दी होती. पोरगा हवेची गन घेऊन चार चाकांभोवती फिरला, घर्र घर्र झालं, पंधरा मिनिटांत गाडी खाली. दुसऱ्या दिवशी पहाटे आई-बाबांना घेऊन साताऱ्याला निघालो. शिरवळ ओलांडलं आणि मागून डाव्या बाजूने आवाज यायला लागला. टक, टक, टक. वेग कमी केला की आवाजही हळू. बाबा म्हणाले, "टायरमध्ये खडा अडकला असेल." मलाही तेच हवं होतं. पुढे खंबाटकीचा घाट होता, म्हणून मनात शंका घेऊन जाण्यापेक्षा एका पंक्चरच्या टपरीजवळ थांबलो.

टपरीवाल्या काकांनी चाकाकडे बघितलं, खाली बसले आणि काही न बोलता एक नट दोन बोटांनी फिरवला. फिरला तो! पाना न लावता. मग दुसरा, तोही फिरला. उरलेले दोन घट्ट होते, पण किती घट्ट कुणास ठाऊक. काका एवढंच म्हणाले, "साहेब, चाक काल-परवा खोललं होतं ना?"

आई-बाबा मागच्या सीटवर होते, त्यांना मी त्या वेळी काहीच सांगितलं नाही. पण घरी आल्यावर झोप लागेना. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्याकडे काही बिघडलं तर लॉग बघतात, नेमकं कुठे चुकलं ते शोधतात. नटाला लॉग नसतो. मग मी इतिहास उघडला. मला वाटलं होतं, नट घट्ट करणं यात इतिहास काय असणार? निघाला भरपूर. निम्मा इतिहास तर आपण रोज बोलतो त्या एका शब्दातच लपलाय.

तो शब्द म्हणजे स्टेपनी.

इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाला "स्टेपनी कुठे आहे" असं विचारा, त्याला बहुधा कळणार नाही. ते स्पेअर व्हील म्हणतात. स्टेपनी म्हणतो आपण, बांगलादेशवाले आणि तिकडे युरोपात माल्टावाले. ब्राझीलमध्ये एस्तेपे म्हणतात, तोही याच शब्दाचा भाऊ. कारण स्टेपनी हे एका रस्त्याचं नाव आहे. वेल्समध्ये लॅनेली नावाचं गाव आहे, तिथला स्टेपनी स्ट्रीट. 1904 मध्ये तिथे थॉमस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी एक वस्तू बाजारात आणली आणि रस्त्याचंच नाव तिला दिलं.

तिची गरज का पडली ते समजायला तेव्हाची मोटार डोळ्यासमोर आणा. चाकं लाकडी, बैलगाडीसारख्या आऱ्यांची, आणि हबला कायमची बसवलेली. रस्ते घोड्यांसाठी केलेले, म्हणजे नालांचे खिळे जागोजाग. पंक्चर झालं की चाक काढायचा प्रश्नच नव्हता, कारण ते निघतच नव्हतं. गाडी उचलायची, टायर जागेवरच सळयांनी उपसून काढायचा, ट्यूबला ठिगळ लावायचं, टायर परत दाबून बसवायचा, हाताने हवा भरायची. पावसात, चिखलात. श्रीमंत लोक शोफर ठेवायचे त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

डेव्हिस बंधूंची स्टेपनी म्हणजे आरे नसलेली एक नुसती गोल रिम, तिच्यावर आधीच हवा भरलेला टायर. पंक्चर झालेल्या चाकाला हात लावायचा नाही. त्याच्या शेजारी, बाहेरच्या बाजूने ही रिम पकडींनी आवळून टाकायची आणि घरापर्यंत जायचं. लंगड्या माणसाला कुबडी द्यावी तसं. ही कल्पना इंग्रजांच्या साम्राज्यात सगळीकडे गेली, आपल्याकडेही आली. पुढे ती वस्तू संपली, कारण चाकच निघायला लागलं. वस्तू गेली, शब्द राहिला. आज डिकीत जे पडलेलं असतं ते डेव्हिस बंधूंच्या अर्थाने स्टेपनी नाहीच. पण "स्टेपनी काढ रे" म्हणताना आपण लॅनेलीच्या एका गल्लीचं नाव घेतो, हे मला भारी वाटलं.

आता चाक निघायला कसं लागलं? शर्यतीमुळे.

1906 च्या जूनमध्ये फ्रान्सात ल मान्सजवळ पहिली ग्रां प्री झाली. दोन दिवस, बाराशे किलोमीटरहून जास्त अंतर, भयानक ऊन, रस्त्यावरचं डांबर वितळलेलं. टायर पटापट फाटत होते. आणि नियम असा की गाडीवरची सगळी कामं चालक आणि त्याच्या सोबतचा मेकॅनिक या दोघांनीच करायची. बहुतेक संघ जुना टायर सुरीने कापून काढत आणि नवीन ठोकून बसवत. रेनॉच्या फेरेंट्स सिस याच्याकडे मात्र मिशेलिनने केलेली सुटी रिम होती. टायर आणि हवा आधीच तयार. नट सोडायचे, रिम काढायची, नवी चढवायची, नट आवळायचे. इतरांची पंधरा-पंधरा मिनिटं जात होती तिथे याचं काम चार मिनिटांच्या आत. सिस जिंकला, दुसऱ्या आलेल्या फियाटपेक्षा अर्ध्या तासाहून जास्त वेळ राखून. त्याची गाडी चांगली होतीच, पण टायर बदलण्यात वाचवलेल्या वेळाने मोठं काम केलं.

दोन वर्षांनी इंग्रज आणखी एक पाऊल पुढे गेले. रिम कशाला, अख्खं चाकच काढू! कोव्हेंट्रीच्या रज-व्हिटवर्थ कंपनीने तारांचं चाक बनवलं, जे हबवर दातेरी खाचांत सरकून बसायचं आणि मधोमध एकच मोठा नट. त्या नटाला कान असायचे, हातोड्याने ठोकून सोडायचा आणि ठोकूनच घट्ट करायचा. नेपियर कंपनीला 1908 च्या फ्रेंच ग्रां प्रीत ही चाकं लावून उतरायचं होतं. फ्रेंच आयोजकांनी मनाई केली. सुटी रिम चालेल, सुटं चाक चालणार नाही. नेपियर शर्यतीत उतरलीच नाही.

आता यात राजकारण किती आणि काळजी किती हे तुम्हीच ठरवा. माझा अंदाज, राजकारण जास्त. कारण सुट्या रिमने जिंकणारी कंपनी फ्रेंच होती. पण "एका नटावर चाक?" ही भीती अगदीच खोटी नव्हती. शिरवळच्या त्या सकाळनंतर मी तरी हसणार नाही.

त्याच सुमारास इंग्लंडमध्येच जोसेफ सँकी यांच्या कंपनीने पत्रा दाबून आणि जोडून केलेलं पोलादी चाक आणलं. ते हबला नटांनी आवळायचं. आज तुमच्या-माझ्या गाडीला आहे ती व्यवस्था तिथून ओळखीची वाटायला लागते. काढता येणारं चाक आलं, आणि त्याच्यासोबत एक प्रश्नही आला जो आधी कधी नव्हताच. निघणारं चाक नको तेव्हा निघालं तर?

पहिलं उत्तर होतं आट्यांची दिशा.

सायकलचं डावं पॅडल कधी खोललंय? त्याचे आटे उलटे असतात. सरळ आटे ठेवले तर चालता चालता पॅडल आपोआप सुटत जातं. रज-व्हिटवर्थच्या चाकातही तसंच गणित होतं. नटाची वाटी चाकाच्या निमुळत्या तोंडावर बाहेरून बसायची, केसभर मोठी. सैल बांगडी मनगटावर घुमते तसा तो नट चाकाच्या फिरण्यासोबत अगदी थोडा थोडा सरकायचा, चाकाच्या उलट दिशेने. मग त्यांनी काय केलं, सरकणं थांबवण्याऐवजी ते कामाला लावलं. गाडीच्या डाव्या बाजूला नेहमीचे आटे, उजव्या बाजूला उलटे. नट सरकला तर घट्टच होणार.

गंमत म्हणजे अमेरिकेत क्रायस्लरने याच्या बरोब्बर विरुद्ध केलं. त्यांची चाकं चार-पाच नटांची. तिथे उलटे आटे डाव्या बाजूला. स्टडवर एल असं अक्षर कोरलेलं. दोघांचं गणित वेगळं, कारण मधोमध एक मोठा नट असणं आणि कडेला पाच छोटे असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. क्रायस्लरने हे 1970 च्या आसपासपर्यंत चालू ठेवलं. त्या काळात रस्त्याकडेला किती लोकांनी "निघत का नाही" म्हणत उलट्या दिशेने जोर लावून स्टड तोडले असतील! जुन्या अमेरिकन गाड्या जपणारे लोक अजून हे किस्से सांगतात.

ब्रिटनमध्ये ट्रकांच्या बाबतीतही असंच होतं. दोन बाजूंना दोन दिशांचे आटे. मग आंतरराष्ट्रीय मानक आलं, दोन्ही बाजूंना सारखेच उजवे आटे. सुटे भाग कमी, गोंधळ कमी, गोदाम खूश. पण नंतर चाकं निखळण्याचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की सुटणाऱ्या चाकांत डाव्या बाजूची, त्यातही मागची, ठळकपणे जास्त आहेत. तिथेही आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक. (माझंही डावं मागचंच होतं. एका चाकावरून निष्कर्ष काढू नये हे मला माहीत आहे, पण वाचताना अंगावर काटा आला.)

तरीही आट्यांची दिशा हे खरं उत्तर नव्हतं. मोटारी तर दोन्ही बाजूंना उजव्या आट्यांवर लाखो किलोमीटर पळतात. मग नट नेमका सुटतो का?

इथे मला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवलेलं आणि विसरलेलं सगळं परत काढावं लागलं. आपल्याला वाटतं नट म्हणजे झाकण, घट्ट बसवलं की झालं. तसं नाही. स्टड म्हणजे स्प्रिंग आहे. नट आवळताना आपण त्या पोलादी दांड्याला ओढतो, तो थोडासा ताणला जातो आणि परत आखडायला बघतो. त्या आखडण्याने रिम हबवर दाबली जाते. गाडीचं वजन स्टडवर टांगलेलं नसतंच! रिम आणि हब एकमेकांवर इतके दाबलेले असतात की त्यांच्यातलं घर्षणच गाडी उचलून धरतं.

ढोबळ आकडे सांगतो. 12 मिलिमीटरचा स्टड, 100 न्यूटन-मीटरचा टॉर्क. एका स्टडमध्ये सुमारे 42 हजार न्यूटनचा ताण येतो, म्हणजे सव्वाचार टन वजन लटकवल्याइतका. चार स्टडचे मिळून 17 टन. एका छोट्या गाडीच्या एका चाकावर 17 टनांची पकड! घर्षणाचा हिस्सा त्याच्या पंधरा टक्के धरला तरी अडीच टनांपर्यंतचा धक्का रिमला हबवरून जागची हलवू शकत नाही.

आणि या सगळ्यासाठी स्टड ताणला जातो तो किती? मी कॅलक्युलेटरवर दोनदा करून बघितलं. 0.06 मिलिमीटरच्या आसपास. एका केसाची जाडी. बास. गंजाचा पापुद्रा, रिमवर नव्याने मारलेला रंग, हबवर सुकलेला चिखल, यांची जाडी साधारण तेवढीच असते. नट आवळताना मध्ये रंगाचा थर राहिला आणि पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये तो निम्मा चेपला गेला, तर नट एक अंशही न फिरता निम्मी पकड गायब होऊ शकते. "मी तर घट्ट केला होता" म्हणणारा मेकॅनिक खोटं बोलत नसतो. त्याने केलाच होता.

पकड कमी झाली की पुढे काय होतं हे 1969 मध्ये गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन अभियंत्याने दाखवून दिलं. त्याआधी लोकांचं लक्ष बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांवर, म्हणजे खेचाखेचीवर, होतं. युंकरने एक यंत्र केलं, त्यात जोडलेले दोन भाग आडवे, इकडून तिकडे सरकवले. आणि दिसलं की खरा शत्रू आडवं सरकणं हा आहे. नटाखालचा पृष्ठभाग आडवा घसरायला लागला की आट्यांमधलं घर्षण त्या क्षणापुरतं जणू नाहीसं होतं. मग ताणलेला स्टड स्वतःच नटाला मागे ढकलतो. आटे म्हणजे काय, गुंडाळलेला उतार. घर्षण गेलं की वस्तू उतारावरून खाली येणारच. दर धक्क्याला थोडी. मग पकड आणखी कमी, मग घसरणं आणखी जास्त. आजही नट-बोल्ट तपासायच्या या पद्धतीला युंकर टेस्ट म्हणतात.

मला यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द वाटतो तो "सरकला तर". पुरेशी पकड असेल तर सरकणं नाही, आणि सरकणं नाही तर नट सुटणंही नाही, आटे कुठल्याही दिशेचे असोत. शिरवळनंतरचा तो टक टक आवाज म्हणजे रिम हबवर सरकत होती, युंकरचं यंत्र माझ्याच गाडीला लागलं होतं.

मग नेमकी पुरेशी पकड द्यायची कशी? हा प्रश्न गाडीवाल्यांच्या आधी नळवाल्यांना पडला होता. न्यूयॉर्क शहराच्या पाणी खात्यात कॉनराड बार नावाचा माणूस काम करायचा. जमिनीखालच्या मोठ्या पाण्याच्या आणि वाफेच्या नळांचे सांधे बोल्टने जोडायचे. एक कामगार ढिला ठेवायचा, दुसरा इतका पिळायचा की बोल्ट तुटायचा किंवा सांधा वाकडा व्हायचा. खड्डा परत खणा. याला कंटाळून बारने 1918 च्या सुमारास असा पाना केला जो किती जोर लागतोय ते दाखवेल. पुढे 1935 मध्ये त्याने जॉर्ज फेफर्ले यांच्यासोबत पेटंट मागितलं ते ठरलेला जोर झाला की आवाज करणाऱ्या पान्याचं. तोच आपला क्लिक करणारा टॉर्क रेंच.

1930 च्या दशकातच दुसरं एक हत्यारही मोठं झालं. हवेवर चालणारी इम्पॅक्ट गन. आत एक हातोडी फिरत असते आणि नटाला सेकंदाला कितीतरी ठोसे देते. वेग अफाट. पण किती घट्ट झालं ते तिला माहीत नसतं. ते कॉम्प्रेसरच्या दाबावर, पाइपच्या लांबीवर, गन किती जुनी आहे त्यावर आणि बोट ट्रिगरवर किती वेळ राहिलं त्यावर अवलंबून. दोन हत्यारं, एकाच पिढीतली. एक विचारतं "किती?", दुसरं विचारतं "झालं का?" आपल्या रस्त्यांवर कुणाचं राज्य आहे ते तुम्ही बघताच.

जास्त घट्ट केलं तर चांगलंच की, असं वाटणाऱ्यांसाठी. 60 किलोचा माणूस 30 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर नुसता उभा राहिला तरी 175 न्यूटन-मीटरच्या आसपास जोर जातो. वर उड्या मारल्या तर विचारूच नका. बऱ्याच छोट्या-मध्यम गाड्यांना 85 ते 130 लागतात. स्टड त्याच्या मर्यादेपलीकडे ताणला की तो परत आखडत नाही, च्युइंगमसारखा लांब होतो. स्प्रिंगचा जीव गेला. दिसायला घट्ट, पकड नाही, आणि पुढच्या वेळी पंक्चर काढताना हातात तुटून येतो. वर तेल लावलं तर आणखी वाईट. आपण लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा नटाच्या बुडाशी आणि चाळीस टक्के आट्यांत घर्षणात खर्च होतो, स्टड ताणायला फक्त दहा टक्के उरतो. तेलाने घर्षण थोडं जरी कमी झालं तरी त्या दहाचे तेरा-चौदा होतात. पाना तोच आकडा दाखवतो, स्टड मात्र तुटायच्या वाटेवर. गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा सहसा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो.

फॉर्म्युला वनवाल्यांना हे सगळं पाठ असेल ना? असतं. तरी ऐका. 1987, हंगेरी. नायजेल मॅन्सेल आघाडीवर, जेमतेम सहा फेऱ्या उरलेल्या, आणि त्याच्या विल्यम्सच्या उजव्या मागच्या चाकाचा नट उडून गेला. शर्यत संपली. विजेतेपद त्याच संघातल्या नेल्सन पिकेने नेलं. चार वर्षांनी, 1991, पोर्तुगालमधलं एश्तोरिल. परत मॅन्सेल, परत विल्यम्स, परत उजवं मागचं चाक. टायर बदलून गाडी सुटली आणि चाक पिटलेनमध्येच निघून पळालं. मेकॅनिकांनी तिथेच, मध्येच, दुसरं चाक लावलं, जे नियमात नव्हतं. काळा झेंडा, गाडी बाद. त्या वर्षीचं विजेतेपद सेनाकडे गेलं. 2021 च्या मोनॅकोत उलटं झालं. वाल्तेरी बोत्तासच्या मर्सिडीजवर गन जराशी वाकडी बसली आणि नटाचे कंगोरेच सोलून निघाले. चाक निघेना. ते कारखान्यात नेऊन काढलं तेव्हा दोन दिवस होत आले होते. याच खेळात 2023 मध्ये कतारला मॅकलॅरनने चारही चाकं 1.80 सेकंदांत बदलली. दोन्ही टोकं एकाच नटाची.

शर्यतीत शर्यत हरतो. रस्त्यावर काय होतं ते कॅनडातल्या ऑन्टारियोने 1990 च्या दशकात पाहिलं. ट्रकांची चाकं धावता धावता निखळून समोरच्या गाड्यांवर आदळली, माणसं गेली. ट्रकचं चाक म्हणजे काही छोटी वस्तू नाही, आणि सुटल्यावर ते हायवेच्या वेगानेच पळत असतं. लोक संतापले. 1997 मध्ये तिथल्या सरकारने कायदा केला की व्यावसायिक वाहनाचं चाक निखळलं तर मालक आणि वाहतूकदार दोषी. आम्ही काळजी घेतली होती, तपासणी केली होती, कागद आहेत, हा बचावच चालणार नाही. दंड 2,000 ते 50,000 डॉलर. कायद्याच्या भाषेत ही फार टोकाची तरतूद आहे, एरवी "मी शक्य ते सगळं केलं" हे म्हणायला माणसाला जागा असते. मला आधी ते अन्यायाचं वाटलं. मग विचार केला, समोरून येणाऱ्या गाडीतल्या माणसाला तरी कुठे बचावाची जागा असते?

ब्रिटनमध्ये आणि इतरत्र ट्रक-बसच्या चाकांवर पिवळ्या-केशरी प्लास्टिकचे बाण दिसतात, बघितलेत? प्रत्येक नटावर एक टोपी, तिला टोक. नट घट्ट करून झाले की शेजारशेजारच्या दोन बाणांची टोकं एकमेकांकडे करून ठेवायची. एखादा नट फिरला की बाण वाकडा, सकाळी ड्रायव्हरने नुसती फेरी मारली तरी कळतं. जगातलं सगळ्यात स्वस्त मॉनिटरिंग. आम्ही यासाठी डॅशबोर्ड बनवतो आणि तीन मीटिंगा घेतो.

बरं, आता मी स्वतः काय केलं ते सांगतो आणि थांबतो. एक टॉर्क रेंच घेतला. गाडीच्या पुस्तकात आकडा शोधला. तो सहसा तपशिलांच्या पानावर किंवा चाक बदलण्याच्या प्रकरणात असतो. डावं मागचं चाक पूर्ण काढलं. हबवर गंज होता, तो तारेच्या ब्रशने घासला. ज्या दोन भोकांवरचे नट ढिले झाले होते तिथे चकचकीत ओरखडे होते, पण भोकं गोलच होती. भोक लांबट झालं असतं तर रिम टाकून द्यावी लागली असती. चाक परत चढवून चारही नट आधी हाताने फिरवले, निमुळतं तोंड रिमच्या बाजूला ठेवून. हाताने सहज फिरला नाही तर समजायचं आटे वाकडे बसतायत, काढून परत लावायचा. मग गाडी जॅकवर असतानाच पान्याने हलके आवळले, समोरासमोरचे, एक झाला की त्याच्या बरोबर समोरचा. शेजारचा शेजारी घेतला तर रिम एका बाजूला तिरकी बसते आणि आपल्याला वाटतं सगळं घट्ट झालं. मग जॅक खाली, टायर जमिनीला टेकला की टॉर्क रेंच, परत त्याच क्रमाने, क्लिक होईपर्यंत. एकदा क्लिक. दोन-तीनदा करायची सवय असते लोकांना, त्याने आकडा वर जातो. आणि काम झाल्यावर रेंच सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर त्याच्याही आतली स्प्रिंग थकते.

टायरवाल्याकडे गेलात तर गन वापरू नका असं भांडायची गरज नाही. "दादा, गनने नुसतं टेकवा, शेवटचं हाताने करा" एवढं म्हणायचं. मी गेल्या खेपेला म्हटलं. पोराने आधी माझ्याकडे बघितलं, मग आतून धूळ बसलेला टॉर्क रेंच काढला. दुकानात होता तो!

आणि साधारण 80 किलोमीटर चालल्यावर परत तपासायचं, थंड चाकावर. मी पुढच्या रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तपासलं. तीन चाकांवर लगेच क्लिक. डाव्या मागच्या चाकाचे दोन नट क्लिक व्हायच्या आधी जरासे फिरले, घड्याळाच्या काट्याच्या एका मिनिटाइतके असतील. बाबा गॅलरीतून बघत होते. त्यांनी वरूनच विचारलं, "खडा निघाला का रे?"